सिंकशेजारचं कपाट

स्वयंपाकघर निवडायला आलेली माणसं सगळ्यात आधी रंग विचारतात. तिथंच माझं डोकं फिरतं. अहो, रंग काय चाटायचाय? आधी उंची विचारा, खोली विचारा, वरच्या फळीवर हात पोचतो का ते बघा. पण नाही. मोबाइलवर कुठल्यातरी परक्या घराचा फोटो दाखवणार आणि म्हणणार, ‘अस्संच हवं.’ त्या फोटोतल्या ओट्यावर एक लिंबू आणि एक फुलदाणी. तिथं जन्मात कुणाचं दूध उतू गेलेलं नाही.

बाथरूमचंही तेच. आरशाच्या वर एक भगभगीत दिवा मारतात आणि मग डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांसाठी डॉक्टर शोधत हिंडतात. दिवे आरशाच्या दोन्ही बाजूंना लावा, वर्तुळं फुकटात पळतील. पण ऐकतो कोण?

तीस वर्षं मी हे दुकान चालवतेय. कपाटं, फळ्या, ट्रॉल्या, दिवे. माझ्या जिभेला हाड नाही असं गिऱ्हाईकं म्हणतात आणि तरी परत माझ्याकडेच येतात, कारण माझी एक पद्धत आहे. गिऱ्हाइकाला मी त्याच्या रिकाम्या स्वयंपाकघरात उभं करते आणि डोळे मिटायला लावते. म्हणते, ‘चहा करा.’ माणूस आधी लाजतो, मग हवेत चहा करायला लागतो. साखरेला हात जिथं जाईल तिथं माझे मिस्त्री भिंतीवर खडूनं खूण करतात. भांडं पुसून हात जिथं ठेवेल तिथं खूण. त्या खुणांवर फळ्या. माणूस तोंडानं काहीही सांगतो हो, हात खोटं बोलत नाही. एका निवृत्त मास्तरांचा हात साखरेचं नाव काढलं की पाठीमागं जाऊन लपायचा. डॉक्टरांनी गोड बंद केलेलं, आणि बायकोचा पहारा. त्यांना मी बाथरूमच्या आरशामागं एक चोरकप्पा करून दिला. बायकोला अजून सापडलेला नाही.

या पद्धतीचा मला गर्व होता. होता म्हणतेय, लक्षात घ्या.

माझ्या लेकीनं घर घेतलं ते दुसऱ्या मजल्यावरचं, जुनं पण ऐसपैस. आधीच्या मालकानं स्वयंपाकघर पार खरवडून नेलं होतं. ओटा नाही, फळी नाही, नळाच्या जागी नुसता पाइप. मला उलट बरंच वाटलं. लेक माझ्यासारखी फटकळ नाही. हसरी आणि धांदरट आहे. भांड्यांचा दणदणाट केल्याशिवाय तिला साधं पाणी पिता येत नाही. भाड्याच्या घरात सहा वर्षं तिनं अंधाऱ्या ओट्यापुढं काढली होती. मी ठरवलं, हिला असं स्वयंपाकघर देते की लोक बघत राहिले पाहिजेत.

त्या दिवशी आम्ही चौघं गेलो. मी, लेक, माझे म्हातारे मिस्त्री आणि चार वर्षांची माझी नात. तिला सगळे मुंगी म्हणतात, कारण ती एका जागी बसलेली कुणी पाहिलेली नाही आणि साखर कुठंही असली तरी ती तिथं पोचते. रिकामं घर बघून तिला तर रानच मोकळं मिळालं. बाहेरच्या खोलीत ती मोज्यांवर घसरगुंडी खेळत होती आणि मोठ्यानं गात होती.

‘मीट डोळे,’ मी लेकीला म्हटलं. ‘चहा कर.’

‘आई, मला हसू येतंय.’

‘येऊ दे. हसत हसत कर.’

तिनं डोळे मिटले आणि तिचं हसू थांबलं. डावा हात वर गेला, चांगला उंच, खिडकीच्या डाव्या अंगाला. त्यानं डबा काढला, झाकण उघडलं, दोन चमचे घातले, झाकण लावलं, डबा परत ठेवला. कुठं चाचपडणं नाही, अडखळणं नाही. माझ्या लेकीचे हात असे कधी चालत नाहीत. तिचे हात आधी एक वस्तू पाडतात, मग दुसरी उचलतात. मिस्त्री खडू घेऊन तिच्यामागं धावत होते आणि ती एकेक वस्तू काढत होती, ठेवत होती. ती ज्या स्वयंपाकघरात वावरत होती ते मला दिसत नव्हतं एवढंच.

मग ती मध्येच थांबली. हाक आल्यावर आपण मान वळवतो तशी तिनं मान वळवली आणि खाली वाकली. सिंकच्या जागेशेजारी, कोपऱ्यात, गुडघ्याच्या उंचीवर तिनं डावा तळवा हवेत टेकवला आणि ढकललं. नुसतं टेकवलं नाही. जोर लावून ढकललं, मनगटाची शीर ताठ झाली. उजव्या हातानं एक कडी सरकवली. मग सरळ उभी राहिली, हात पुसले आणि चहा ढवळायला लागली.

मिस्त्री खडू हातात धरून तसेच उभे. ‘बाई, इथं कडी कशाला? आत काय राहणार?’

त्यांच्या आवाजानं लेकीनं डोळे उघडले. ‘झाला की चहा! कपसुद्धा विसळले मी.’

‘आणि खाली वाकलीस ते?’

‘मी कुठं वाकले?’

‘बरं, डाव्या हातानं का गं सगळं?’

‘आई, काहीतरीच तुझं. उजव्यानंच केलं.’

माझ्या अंगावर काटा यायला हवा होता. नाही आला. उलट मी हरखून गेले. तीस वर्षांत इतका सराईत हात मी पाहिला नव्हता, आणि तो माझ्या पोटच्या पोरीचा होता. डाव्या हाताचं उत्तर मी स्वतःच स्वतःला दिलं: मुंगीला ही उजव्या कडेवर घेते, तेव्हा डाव्यानं कामं उरकायची सवय झाली असणार. आणि कडीचं तर सरळच होतं. सिंकशेजारच्या कपाटात फरशीची औषधं, ॲसिडच्या बाटल्या राहणार, आणि मुंगीसारखं अवखळ पोर घरात. बाहेरून कडी हवीच.

‘बघा मिस्त्री,’ मी म्हटलं, ‘आईचा हात म्हणतात तो हा. डोळे मिटले तरी लेकराची काळजी.’

मिस्त्रींनी कडीची खूण केली.

नंतर दुकानात रंग निवडायला ती आली. लहानपणापासून हिला लिंबाचा पिवळा लागतो. छत्री पिवळी, पडदे पिवळे. मी पिवळ्याच्या सात छटा काढून ठेवल्या होत्या. तिनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. कोपऱ्यात बाद झालेल्या तुकड्यांचा ढीग होता, त्याच्या तळातून एक मळकट हिरवा तुकडा ओढून काढला. डबक्यातल्या शेवाळाचा रंग. ‘हा,’ म्हणाली. मी म्हटलं, ‘हा कुणी फुकट नेत नाही गं.’ ती म्हणाली, ‘हाच बरा. मळ दिसत नाही.’ मळ! हिला मळाची फिकीर कधीपासून? पण गिऱ्हाईक म्हणून आलेल्या लेकीशी भांडायचं नाही असं मी मनाशी ठरवलं होतं. दिव्यांचंही तसंच. ओट्यावर दिव्याची पट्टी हवी म्हणाली, त्या कोपऱ्यात मात्र नको. ‘तिथं अंधार चालतो.’ तेवढं मी ऐकलं नाही. खालच्या सगळ्या कपाटांच्या आत मी सेन्सरचे दिवे बसवले. आत काही हललं की लागतात, अर्ध्या मिनिटात आपोआप विझतात. वाकून अंधारात बाटल्या चाचपडण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

फळ्या ठोकायच्या दिवशी मिस्त्रींचा फोन आला. कधी फोन न करणारा माणूस. मी धावत गेले.

‘बाई, हे बघा.’ त्यांनी ड्रिल खडूच्या खुणेवर टेकवलं. भिंत पक्क्या विटेची, ड्रिल बोंबलायला हवं होतं. ते लोण्यात जावं तसं आत गेलं आणि भोकातून पांढरं पीठ सांडलं. ‘बुजवलेलं भोक आहे. आणि हे एकच नाही. आपल्या अठरा खुणा, अठराच्या अठरा जुन्या भोकांवर आल्यात. मी नवीन काही पाडलंच नाही, नुसती मोकळी करतोय.’

‘बरंय की. मेहनत वाचली.’

‘आणि हा रंग.’ त्यांनी भिंतीचा एक पोपडा नखानं उचलला. पांढऱ्याखाली गुलाबी, त्याखाली निळा, त्याखाली पिवळसर, आणि अगदी तळाला, प्लास्टरला चिकटून, तो शेवाळी हिरवा. ‘बाई, माझं ऐकाल? आपण स्वयंपाकघर करत नाही आहोत. कुणाचंतरी होतं ते परत लावतोय.’

मी त्यांना झाडलं. म्हटलं, ‘मिस्त्री, वयानुसार दृष्टी जाते ते ठीक, अक्कल जाऊ देऊ नका. खिडकी तिथंच, नळ तिथंच, मग माणसाचे हात तरी दुसरीकडं कुठं जाणार?’ पण माझ्याही मनात पाल चुकचुकली, खोटं कशाला बोलू. खाली उतरून मी घर मिळवून देणाऱ्या दलालाला फोन लावला. विचारलं, पूर्वी इथं कोण राहायचं?

तो म्हणाला, ‘मधे चारपाच जण येऊन गेले हो, कुणी टिकलं नाही. पण सगळ्यात आधीची मालकीण फार वर्षं होती. एकटीच. मूल नाही, बाळ नाही. इतकी शांत बाई, की भांड्याला भांडं लागल्याचा आवाज कधी शेजाऱ्यांना आला नाही म्हणतात. तुमच्या लेकीला चांगली वास्तू मिळालीय.’

झालं. मूल नाही, बाळ नाही, शांत बाई. माझं समाधान झालं. आपल्याला जे ऐकायचं असतं तेवढंच आपण ऐकतो.

स्वयंपाकघर तयार झालं आणि खरंच लोक बघत राहिले. लेक त्यात अशी वावरायची की पाणी वाहतंय. चमचा वाजत नव्हता, झाकण पडत नव्हतं. जावई म्हणजे तोलूनमापून बोलणारा माणूस, एका वाक्याला अख्खी सकाळ लावतो. तोसुद्धा म्हणाला, ‘आई, घर कसं शांत झालंय.’ मी दुकानात चार गिऱ्हाइकांना हे वाक्य ऐकवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते माझ्याइतकं शब्दशः कुणी केलं नसेल.

शांत फक्त भांडीच झाली नव्हती. मुंगीही झाली होती. मी गेले की पूर्वी ही पायांना लटकायची. आता सोफ्याच्या टोकाला गुडघे पोटाशी घेऊन बसायची, जागा कमी असल्यासारखी. मी कुशीत घेतली की तिच्या केसांना प्लायवूडचा वास यायचा, नव्या कपाटाचा. मी विचारलं, ‘काय गं, गाणी कुठं गेली?’ तर म्हणाली, ‘आवाज केला तर जास्त वेळ.’

‘कसला वेळ?’

तिनं आईकडं बघितलं. लेक हसून म्हणाली, ‘शाळेत शिकून येतात काहीबाही.’ तिच्या डाव्या हातात चहाचा कप होता. कप बशीवर टेकला, पण आवाज आला नाही.

मला कळायला हवं होतं, पण आपल्या लेकीबद्दल तसलं कुणी मनात आणतं का? तुम्ही आणलं असतं? मी म्हटलं, नवी शाळा आहे, बुजली असेल पोर.

मग जावयाचा फोन आला. ‘आई, एक छोटीशी तक्रार होती. म्हणजे तक्रार नाही तशी. ते सिंकशेजारचं कपाट आहे ना, त्यातला दिवा सारखा लागतो. दाराखालच्या फटीतून उजेड दिसतो. कडी लावलेली असताना. सेन्सर बिघडला असावा.’

मी नवा सेन्सर पाठवला. आठ दिवसांनी पुन्हा फोन. मी दुसऱ्या कंपनीचा पाठवला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी दुकानात बसून तो काढून आणलेला सेन्सर टेबलावर ठेवून तपासला. अर्धा तास नुसता बघत बसले. हात हलवला की लागायचा, थांबवला की विझायचा. अगदी ठणठणीत होता. म्हणजे त्या बंद कपाटात काहीतरी हलत होतं. उंदीर असेल, मी स्वतःला म्हटलं, आणि त्याच वेळी मला मुंगीच्या केसांचा वास आठवला. मिस्त्रींना हाक मारली, म्हटलं पेचकस घ्या, गाडी काढा.

सकाळचे अकरा वाजले होते. लख्ख ऊन होतं, जिन्यावर कुणीतरी गाद्या वाळत घातल्या होत्या. लेकीनं दार उघडलं. ‘अगं, तू अशी अचानक?’ तिचे हात ओले होते. आत गॅसवर काहीतरी उकळत होतं. ती परत जाऊन ते ढवळायला लागली, डाव्या हातानं.

‘मुंगी कुठंय?’

‘शाळेत. आत्ताच सोडून आले.’

दारात मुंगीचे बूट होते. दप्तर खुंटीला होतं.

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पोचले तर सिंकशेजारच्या कपाटाखाली उजेडाची रेघ. कडी घातलेली. आतून आवाज आला, टक टक. दोनदाच, हळू, आत यायला परवानगी मागतात तसा. लेक ढवळत राहिली. तिनं ऐकलंच नाही.

मी कशी पोचले मला माहीत नाही. कडी काढली, दार ओढलं. मुंगी आत होती. गुडघे पोटाशी, हनुवटी गुडघ्यांवर. बाटल्या तिनं एका बाजूला नीट रांगेत लावून ठेवल्या होत्या आणि स्वतः दुसऱ्या बाजूला अगदी भिंतीला चिकटून बसली होती. मधे जागा होती, आणखी एकाला पुरेल एवढी. ती रडत नव्हती. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

‘आजी, हळू बोल. ती आत्ता झोपलीय.’

मी तिला ओढून बाहेर काढलं आणि कडेवर घेतलं आणि दुसऱ्या हातानं लेकीच्या मुस्काटात ठेवून दिली. आयुष्यात पहिल्यांदा. ‘अगं राक्षसिणी! पोटच्या पोरीला कोंडतेस? ॲसिडच्या बाटल्यांत?’

तिच्या हातातला पळा खाली पडला आणि मोठा आवाज झाला. किती दिवसांनी त्या घरात आवाज झाला. ती गालावर हात ठेवून माझ्याकडं बघत होती, मग मुंगीकडं. ‘ही शाळेत आहे ना? मी सोडली ना हिला? आई, मी बूट घातले तिला, मी... मला आठवतंय, मी जिना उतरले.’ मग तिनं स्वतःचा डावा हात वर केला आणि दुसऱ्याचा असावा तसा लांब धरून बघितला. ‘हा माझा नाही गं,’ म्हणाली आणि मटकन खाली बसली. असं रडली की मला तिला मारल्याची लाज वाटली.

कारण कडी कुणी बसवली होती? मी. डोळे मिटलेल्या पोरीचे हात मी पाहिले, ते तिचे नाहीत हे मला दिसत होतं, आणि मी टाळ्या पिटल्या. दलालाच्या त्या शांत बाईला मूल होतं, हे आता मला कळत होतं. ज्या बाईनं एवढी वर्षं आपलं पोर शेजाऱ्यांना दिसू दिलं नाही, की ऐकू येऊ दिलं नाही, तिचं स्वयंपाकघर मी खुणेबरहुकूम परत उभं करून दिलं होतं. मळकट हिरव्या रंगासकट. आणि माझी लेक-नात त्यात नेऊन ठेवली होती. देवानं मला तिथल्या तिथं मुकी केली असती तरी मी कुरकुर केली नसती.

‘मिस्त्री,’ मी म्हटलं, ‘कडी काढा.’

त्यांनी चार स्क्रू काढले. एक स्क्रू घरंगळून कुठंतरी गेला. कडी त्यांनी खिडकीतून खाली भिरकावली. कपाटाचं दार उघडंच होतं. मी त्याला हळू मिटणाऱ्या बिजागऱ्या लावल्या होत्या, त्यामुळं ते आपलं आपण सावकाश मिटायला लागलं. मिटलं. आतला दिवा अर्ध्या मिनिटानं विझला. मुंगी माझ्या कडेवर होती, तिचं डोकं माझ्या खांद्यावर, तिचा श्वास मानेला लागत होता. लेक जमिनीवर बसली होती. मिस्त्री खिडकीशी होते.

दाराखाली उजेडाची रेघ उमटली.

टक टक.

मिस्त्री खिडकीपासून दाराकडं सरकले. ‘चला,’ मी लेकीला म्हटलं, ‘ऊठ, इथून आधी बाहेर.’ ती हलली. पण दाराकडं नाही आली. गुडघ्यांवरच सरकत त्या कपाटापाशी गेली आणि डावा तळवा दारावर टेकवला. चेहरा कोरा झाला होता, आत्ताचं रडणं पुसून टाकल्यासारखा.

‘उघडू नको,’ म्हणाली. आवाज तिचाच होता, पण इतका हळू ती कधी बोलत नाही. ‘शिक्षा अजून संपलेली नाही.’

आतून पुन्हा टक टक. कुलूपकडी काही नव्हतं. आतल्यानं नुसतं ढकललं असतं तरी दार उघडलं असतं, लेकीच्या एका हातानं काय अडणार होतं. पण ते ढकलत नव्हतं. कुणी उघडेल म्हणून थांबलं होतं.

मला पळता आलं असतं. माझी नात माझ्या कडेवर होती, लेकीला दंडाला धरून ओढत नेलं असतं. खरं सांगते, पाय तयारही होते, माझी पाचावर धारण बसली होती. पण तीस वर्षं माझ्या दुकानात आलेल्या प्रत्येकाशी मी भांडलेय, आणि माझा राग माझ्या भीतीपेक्षा नेहमी दोन पावलं पुढं असतो. मी त्या डाव्या हाताशी बोलले. लेकीशी नाही, हाताशी.

‘बाई, हात काढ. काढ म्हणते ना! कसली शिक्षा? किती वर्षांची? काय गुन्हा केला होता लेकरानं, गाणं म्हटलं? भांडं पाडलं? तुला मूलबाळ नव्हतं असं गाव सांगतंय. ज्याचं नावसुद्धा कुणाला कळू दिलं नाहीस त्याला अजून कोंडायला तुला लाज नाही वाटत? संपली शिक्षा. तुझी नाही, त्याची. मी सांगते, संपली.’

तळवा तसाच राहिला. मी वाकले, तो मनगटाला धरला आणि बाजूला केला. हात बर्फासारखा गार होता. मग माझ्या मुठीत हळूहळू ऊब आली आणि लेक म्हणाली, ‘आई, दुखतंय,’ अगदी तिच्या आवाजात, मोठ्यानं.

मी दार उघडलं.

आत बाटल्या होत्या, पाइप होता, भिंतीला लावलेला दिवा होता. दुसरं काही नाही. दिवा जळत राहिला. अर्धं मिनिट झालं, एक झालं. मी आत बघत राहिले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘ये गं. ये बाहेर.’ ‘गं’ का म्हटलं, मला माहीत नाही.

दिवा विझला.

आम्ही गॅस बंद केला आणि निघालो. पर्स नाही, कपडे नाहीत, काही नाही. मिस्त्री लेकीला धरून पुढं, मी मागं. मुंगी उजव्या कडेवर. दाराबाहेर पाऊल टाकलं आणि माझ्या डाव्या हाताच्या करंगळीला कुणीतरी धरलं. लहान मुठीनं, घट्ट. मी खाली बघितलं नाही. आत्ता बघायचं नाही एवढं मला कळत होतं. झटकावं असंही वाटलं. पण ती मूठ इतकी लहान होती की मला झटकता येईना.

जिन्याशी आले आणि भरभर उतरायला लागले. करंगळीला हिसका बसला. पुन्हा एक पायरी, पुन्हा हिसका, पण मूठ सुटली नाही, उलट दोन हातांनी धरल्यासारखी आवळली.

मुंगीनं माझ्या खांद्यावरून मागं वाकून बघितलं. कितीतरी आठवड्यांनी ती तिच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात बोलली.

‘आजी, हळू ना. तिनं जिना कधी पाहिला नाहीये.’

मी एकेक पायरी, थांबत थांबत, उतरायला लागले.